मोडल्या घराची माया

धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, तेरणेच्या काठच्या काळ्या रानात ज्यांचे बालपण गेले, त्यांना माळवद म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. परंतु ज्या वाचकांनी घर म्हणजे कौलारू किंवा सिमेंटचे एवढेच पाहिले आहे, त्यांना त्याची थोडी ओळख करून दिल्यावाचून मला पुढे काही सांगता येणार नाही. आमच्याकडे घर दगडमातीचे. भिंत दोन हात रुंद. कोठे कोठे त्याहूनही जास्त. आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे व फळ्या, त्यांवर पाला पसरून फूट-दीड फूट माती चोपलेली, आणि सर्वांत वर पाणी धरू नये म्हणून गढीवरून आणलेली पांढरी. हे झाले माळवद. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणत, आणि घर किती मोठे याचे उत्तर फुटांत नव्हे, खणांत मिळे. आमचा वाडा बावीस खणांचा होता.

गावाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर जी बावन्न गावे जुनी जागा सोडून दुसरीकडे वसली, त्यांतले ते एक. वाचकांनी त्यांतले कोणतेही समजावे. तेव्हा ते उमरगे तालुक्यात होते. पुढे लोहारा हा निराळा तालुका झाला, आणि उस्मानाबाद जिल्हा २०२३ साली सरकारदरबारीही धाराशिव झाला. आमच्या आजोबांच्या तोंडी धाराशिव हेच नाव होते. त्यामुळे आम्हा म्हाताऱ्यांना ते नवे असे वाटलेच नाही.

वाडा आजोबांनी निजामाच्या अमदानीत बांधला. दिंडीदरवाजातून आत शिरले की ढाळज. तेथे पाटील, तलाठी, ओळखीचे-अनोळखी पांथस्थ, सर्वांची बैठक. ढाळजेतून चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना सोपे, समोर माजघर, त्याच्या डाव्या अंगाला देवघर, आणि मागे परस. परसात आड, आडापाशी तुळशीवृंदावन, आणि त्यापलीकडे गुरांसाठी गवताचे छप्पर. या छपराची गोष्ट पुढे यावयाची आहे. माजघराच्या भिंतीतच धान्याचे बळद होते. माळवदाला जेथे तेथे सवणे ठेवलेले. त्यांतून उन्हाचा एक एक कवडसा खाली येई आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राही. आमच्या घरी घड्याळ होते, पण आत्याबाईंचा विश्वास कवडशावर. कवडसा जात्याच्या खुंट्याला टेकला की त्या वैश्वदेवाच्या तयारीला लागत, घड्याळ काही का म्हणेना.

वैशाखात बाहेर जमीन तापून पायाला चटके बसत आणि ढाळजेत पाऊल टाकताच अंगावर ओला पंचा घातल्यासारखे वाटे. रात्री सारे घर माळवदावर निजे. पोरे एका ओळीने, त्यांच्या कडेला आत्याबाई. त्यांनी दाखविलेले सप्तर्षी आणि अरुंधती मी पुढे चाळीस वर्षे वर्गातल्या मुलांना दाखविले. मृग निघण्यापूर्वी मात्र माळवदाची डागडुजी झालीच पाहिजे. गाडीभर पांढरी यायची, ती पसरायची, चोपायची. जुनी माती काढून नवी घालणे क्वचितच. बहुधा जुन्यावर नवी. दरवर्षी बोट-दोन बोटे माती वाढे, आणि सत्तर वर्षांत ती किती झाली याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

या वाड्याने १९४८ च्या सप्टेंबरातले ते पाच दिवस पाहिले, कुळकायद्यात जमिनी जाताना पाहिल्या, १९७२ च्या दुष्काळात बळद तळाला लागलेले पाहिले. गावातील आमच्या ज्ञातीची बहुतेक घरे याच काळात सोलापूर, लातूर, पुणे येथे पांगली. आमचे तीर्थरूप, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते गेले नाहीत. का गेले नाहीत याची कारणे ते निरनिराळ्या वेळी निरनिराळी सांगत. उरलेली जमीन, देवघरातील देव, गुरे. आईला विचारले तर ती म्हणे, “त्यांना दुसरीकडे झोप येत नाही.” मला हे एकच कारण खरे वाटते.

आता प्रेमाविषयी चार शब्द लिहितो. हल्लीच्या मासिकांतून या विषयावर पुष्कळ येते, आणि ते वाचून कोणाला वाटावे की जुन्या एकत्र कुटुंबांतून नवराबायकोत प्रेम असे काही नव्हतेच. होते ते फक्त वडीलधाऱ्यांचे भय. माझे मत निराळे आहे. अण्णांनी आईला आम्हांदेखत कधी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. “अहो, ऐकले का” एवढेच. परंतु माजघराच्या जाड भिंतीत चुलीच्या उजव्या अंगाला एक कोनाडा होता, तो बाकीच्या कोनाड्यांपेक्षा वीतभर खाली होता. आमची आई अंगाने लहान. लग्न होऊन आली तेव्हा तिचा हात मूळच्या कोनाड्याला पोहोचत नसे. मिठाचा सट आणि दिव्याची काड्यापेटी घेण्यासाठी तिला पाटावर उभे राहावे लागे आणि जावा हसत. अण्णा तेव्हा वीस-बावीस वर्षांचे. त्यांनी काही न बोलता गवंड्याला बोलावून नवा कोनाडा कोरून घेतला, आणि आजोबांनी विचारले तेव्हा सांगितले की भिंतीत मुंग्या झाल्या होत्या. ही हकीकत मला आत्याबाईंनी सांगितली. आईने तिच्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही. पण दर दिवाळीला त्या कोनाड्यात एक पणती निराळी लागे.

आत्याबाई म्हणजे अण्णांच्या वडील भगिनी. लग्नानंतर दोन वर्षांतच कपाळ पुसून माहेरी आल्या आणि पुढली पन्नासांहून अधिक वर्षे त्या वाड्यात राहिल्या. अशा स्त्रियांच्या दुःखावर आपल्या वाङ्मयात खूप लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण आमच्या आत्याबाईंना कोणी केविलवाणी म्हटले असते तर त्यांनी त्याला उभे धुतले असते! बळदाची किल्ली त्यांच्या कमरेला. ज्वारीचे किती पायली निघाले, किती उरले, हे त्यांना तोंडपाठ. सुनांचे बाळंतपण त्यांनी करायचे, पोरांचे परवचे त्यांनी म्हणून घ्यायचे. बळदाची राखण म्हणून त्या माजघरातच निजत. बळदात धान्य असो वा नसो.

२९ सप्टेंबर १९९३, बुधवार, शके १९१५ ची अनंत चतुर्दशी. त्या साली अधिक भाद्रपद आल्यामुळे गणपती बरेच उशिरा आले होते. मी तालुक्याच्या गावी शिक्षक. पत्नी व मुलीसह विसर्जनापुरता घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी शाळा म्हणून सायंकाळच्या गाडीने परत गेलो. वाड्यात अण्णा, आई, आत्याबाई, थोरले बंधू आणि वहिनी एवढी मंडळी राहिली. पोटऱ्यांत आलेली ज्वारी, गुडघाभर तूर, बरा झालेला पाऊस. त्या सायंकाळी ढाळजेत अण्णा बोलले ते एवढ्याच गोष्टींविषयी. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झाले ते सर्वश्रुत आहे.

आमचा हा भाग भूकंपाच्या सरकारी नकाशात तोवर सर्वांत निर्धोक पट्ट्यात मोडत असे. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीच्या बाजूला धक्के बसले होते, लोक काही दिवस बाहेर निजले होते, आणि मग पुन्हा आत गेले होते. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे त्या पहाटे गेली. मी सकाळी नऊच्या सुमारास गावाजवळ पोहोचलो तेव्हा मला गाव दिसेना. मारुतीच्या देवळामागचा लिंब तेवढा उभा होता, आणि त्याच्या आधाराने आमची गल्ली कोठे असावी याचा अंदाज करीत मी दगडांवरून चढत गेलो.

थोरले बंधू आणि वहिनी वाचली. गाय व्यायला झाली होती म्हणून बंधू त्या रात्री परसातल्या गवताच्या छपरात निजले होते आणि वहिनी नुकतीच कंदील घेऊन तेथे गेली होती. छप्पर हलले, कलले, आणि उभे राहिले. गावात जी माणसे कुडाच्या आणि गवताच्या खोपटांत राहत होती, त्यांतली पुष्कळ अशीच वाचली. ज्यांना आयुष्यात दगडाचे घर बांधणे साधले नाही, ज्यांच्याकडे वाडेवाले थोड्या कीवेने पाहत, त्यांच्यातल्या चौघांनी त्या दिवशी आमच्या वाड्यावरचे दगड हातांनी उपसले. त्यांची नावे आमच्या घरी रोजच्या देवपूजेच्या वेळी घेतली जातात. येथे छापण्याची त्यांना गरज नाही.

आई दुपारी जिवंत निघाली. माजघरातील दोन खांब उभे राहून त्यांवरची एक तुळई तिरपी पडली होती आणि तिच्याखाली माणूस मावेल एवढी पोकळी राहिली होती. आत्याबाई तिच्यापासून पाच हातांवर, बळदाच्या भिंतीखाली. अण्णा सोप्यात. नंतर पाऊस सुरू झाला. लष्कराची माणसे आली, त्यांनी फार केले. परंतु सरण रचावयास लाकूड कोठून आणणार? सगळ्या गावाने आपल्या पडलेल्या घरांतील तुळया आणि खांब ओढून काढले. अण्णा आणि आत्याबाई, बहीणभाऊ, एकाच सरणावर गेले, आणि ते सरण आमच्याच माळवदाच्या सागवानाचे होते. दुसऱ्या दिवशी पितृपक्षाची प्रतिपदा होती.

यापुढे कित्येक महिने मला त्या वाड्याचा संताप येत असे. दगडाचा संताप येऊ शकतो, हे सुखी मनुष्याला कळावयाचे नाही. ज्या भिंतीच्या गारव्यात आम्ही वाढलो तिनेच आमची माणसे दाबून मारली, असे मी मनाशी घोकत असे. पुढे पुनर्वसनाच्या कामासाठी इंजिनिअर मंडळी गावोगाव आली. त्यांच्यातल्या एका तरुणाने पडक्या भिंतीजवळ उभे राहून मला जे समजावून दिले, त्याने तो राग हळूहळू उतरला. ते येथे लिहितो, कारण अजूनही पुष्कळांची समजूत अशी आहे की दगडाचे घर म्हणजेच मृत्यू.

आमची रुंद भिंत ही वास्तविक एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून एक, आणि मध्ये गोटे व माती भरलेली. दोन्ही बाजूंना धरून ठेवील असा आरपार गेलेला लांब दगड क्वचितच. कोपऱ्यांत सांधा नाही. चुन्याऐवजी काळ्या मातीचा चिखल. जमीन हलताच दोन्ही पापुद्रे दोन दिशांना फाकले. आणि वर सत्तर मृगांची चोपलेली माती! लाकडाचा सांगाडा पुष्कळ ठिकाणी बिचारा तग धरून होता; त्याला भिंतींनी आणि मातीच्या ओझ्याने खाली आणले. तोच दगड, पण प्रत्येक दोन-तीन हातांवर आरपार दगड घालून, चौफेर पट्टा बांधून आणि छतावरची माती हलकी करून वापरला, तर घर इतके सहज पडत नाही. ज्या गावांतली घरे थोडी बचावली होती तेथे पुढे याच रीतीने भिंती मजबूत करण्यात आल्या. आणि निर्धोक समजला गेलेला आमचा भाग २००२ च्या नकाशात वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. आजोबांना यातले काही ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या काळी ते कोणाला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्यांनी आपल्या परीने आम्हांला जास्तीत जास्त जाड भिंत दिली.

दीड-दोन वर्षे पत्र्यांच्या शेडमध्ये काढल्यावर नवे गाव वसले. जागतिक बँकेच्या मदतीने जो कार्यक्रम सरकारने १९९४ पासून हाती घेतला, त्यात जमिनीच्या मानाने घर मिळावयाचे होते: भूमिहीन व हेक्टरभर जमीनवाल्याला २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरांपर्यंत ४००, आणि त्याहून अधिक असल्यास ७५०. घरे मजबूत, रस्ते सरळ व रुंद, शाळा-दवाखान्यांच्या इमारती ऐसपैस. जुन्या गावात बैलगाडी वळायला जागा नव्हती. नव्या गावात दोन ट्रक सहज जातात. मी याला नावे ठेवणार नाही. परंतु बंधूंचे घर एका ओळीत, चुलत्यांचे तिसऱ्या ओळीत, आमचे पार टोकाला, असे झाले; आणि जे एकत्र कुटुंब ना कुळकायद्याने मोडले ना दुष्काळाने, ते भूखंडाच्या चिठ्ठ्यांनी तीन चुलींवर आले. भांडण कोणाचे कोणाशी झाले नाही. एका आमटीचा वास तिन्ही घरांत जात नाही, एवढेच.

आई या नव्या घरात अकरा वर्षे राहिली. तिने त्याला कधी ‘घर’ म्हटले नाही; ‘खोल्या’ म्हणे. “खोल्यांत जाते,” “खोल्या झाडल्या.” ‘घर’ हा शब्द तिने निराळा राखून ठेवला होता. सिमेंटच्या भिंतीत कोनाडा नसतो. फळी असते, आणि ती ठेकेदाराच्या हाताला सोयीची अशा उंचीवर असते. मी ती खाली घेतो म्हणालो तर तिने घेऊ दिली नाही. मिठासाठी ती पाटावर उभी राही. पहिल्या दिवाळीला तिने एक पणती हातात घेतली, सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली, आणि ती तशीच परत ताटात ठेवली. वहिनीने ती उचलून तुळशीपाशी लावली. त्या रात्री आम्हां सर्वांना जे कळले ते कोणी कोणाला बोलून दाखविले नाही.

निवृत्त झाल्यानंतर माझे जुन्या जागी जाणे वाढले आहे. पायवाटेने पाऊण तास लागतो. तेथे आता वेड्या बाभळींचे रान माजले आहे. दगड बरेचसे लोकांनी वाहून नेले, लाकूड त्याच वेळी गेले, आणि माती पावसाने पसरून सपाट केली. जन्मभर संस्कृत शिकविल्यामुळे असेल, पण तेथे उभे राहिले की भवभूतीची आठवण होते. हा कवी पद्मपूरचा, म्हणजे आपल्या विदर्भातला. त्याच्या उत्तररामचरितात राम बारा वर्षांनी दंडकारण्यात परत येतो तेव्हा त्याला जागा ओळखू येत नाही. प्रवाह होता तेथे वाळवंट झालेले, दाट झाडी होती ती विरळ आणि विरळ होती ती दाट. डोंगर तेवढे जागच्या जागी आहेत म्हणून त्याला खात्री पटते की हेच ते. हा श्लोक मी निदान तीस वेळा वर्गात शिकविला असेन, आणि त्यातले अलंकार व वृत्त मुलांकडून घोटून घेतले असतील. आमच्या सपाट मुलखात डोंगर नाही. माझी खूण म्हणजे लिंब आणि आडाचे दगडी तोंड. एवढ्या दोन गोष्टींवरून मी पावले मोजतो: येथे चौक, येथे देवघर, येथे आईचा कोनाडा. पुढल्याच अंकात पंचवटीत रामाला सीतेचा स्पर्श होतो आणि ती मात्र त्याला दिसत नाही. टीकाकार या प्रसंगाला नाट्यदृष्ट्या दुबळा म्हणतात. म्हणोत बापडे.

वाड्याची एकच वस्तू आम्ही मागे राखली: देवघराची चौकट. सरणासाठी सारे लाकूड जात असता बंधूंनी ती बाजूला ओढून ठेवली होती. का, हे त्यांना त्या वेळी सांगता आले नसते. ती चौकट नव्या घराच्या दाराला बसत नाही, म्हणून बंधूंच्या पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. पाहुणे विचारतात, ही कसली? आमच्याच जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर आहे; ज्याला प्राचीन ग्रीक खलाशाने तगर म्हणून ओळखले ते. तेथल्या उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची नक्षीदार लाकडी चौकट रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात ठेवली आहे. शेकडो वर्षे टिकलेले ते लाकूड. मी मुलांना सहलीला नेत असे तेव्हा ती चौकट पाहून कोणी ना कोणी विचारी, “गुरुजी, नुसतेच दार? आत काय आहे?” हा प्रश्न मला तेव्हा बालिश वाटे. आमच्या चौकटीविषयी नातीने तोच प्रश्न विचारला तेव्हा मी तिला आत्याबाई, अण्णा, बळद, कवडसा असे सांगत बसलो आणि जेवणाची वेळ टळून गेली.

गेल्या वैशाखात बंधूंच्या नातवाचे लग्न झाले. पहिली अक्षत तुळजापूरला आईभवानीला, दुसरी जुन्या वाड्याच्या उंबऱ्याला, हा आमच्याकडे भूकंपानंतर पडलेला पाठ आहे. उंबरा आता नाही. जेथे असावा असे आम्हां दोघांना वाटते तेथे आम्ही अक्षता ठेवतो. बंधूंच्या आणि माझ्या हिशेबात दोन पावलांचा फरक आहे आणि त्यावरून दरवेळी वाद होतो, तसा याही वेळी झाला. या खेपेला बाभळी इतक्या वाढल्या होत्या की वाटच सापडेना. नवऱ्या मुलाने मोबाइलवर नकाशा काढला. त्यात नव्या गावाचे नाव आहे, जुन्याच्या ठिकाणी नुसते हिरवे. बंधूंचे वय आता पंचाहत्तर. त्यांनी मुलाच्या हातून कोयता घेतला, धोतराचा काचा मारला, आणि लिंबाच्या रोखाने बाभळी तोडीत ते पुढे निघाले. आम्ही मागे अक्षतांचे ताट घेऊन.